शेवटच्या रिळातली मेंढरं

"पेटीतला आवाज गेलाय का ओ?" गयाबाईंनी विचारलं.

बेंबळी गावातल्या एका शाळेचा हॉल. भर दुपारी अंधार करायचा म्हणून खिडक्यांवर घोंगड्या टांगलेल्या. समोर पडद्यावर सिनेमाचा शेवटचा शॉट चालू होता. उघडा माळ, त्यावर मेंढरं, आणि कुणीही माणूस नाही. गयाबाई पहिल्या रांगेतून उठून थेट स्पीकरजवळ गेल्या होत्या आणि त्याला कान लावून उभ्या होत्या.

"आवाज चालू आहे, मावशी," मी म्हणालो. "इथं शांतताच आहे."

"मग मेंढरं कुणाकडं बघत्यात?"

पडद्यावर सगळ्या मेंढरांनी एकाच वेळी मान वर केली होती. तो शॉट मी तोवर शंभरेक वेळा पाहिला असेल. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मी साउंड रिस्टोरेशन करतो. म्हणजे जुन्या सिनेमांचा आवाज धुऊन काढतो. जुन्या फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टा असतो, त्यात आवाज उजेड-अंधाराच्या रेघांनी छापलेला असतो. त्यावर धूळ बसली, ओरखडा पडला की ऐकताना चट् चट् वाजतं. पूर्वी ती चटचट हातानं एकेक करून काढत. आता सॉफ्टवेअर आहे. त्याला डीक्लिक म्हणतात. अगदी छोटा, टोकदार आवाज दिसला की ते तो उचलतं आणि ती जागा बुजवतं. माझी हयात यातच गेली, आणि मला या कामाचा गर्व होता. 'होता' असंच लिहितो.

हा हिंदी सिनेमा चाळीसएक वर्षांपूर्वीचा. नाव सांगायची मला परवानगी नाही. जाणकार लोक त्याला क्लासिक म्हणतात. दुष्काळात सर्व्हेला आलेलं मुंबईचं एक जोडपं जीप बिघडल्यामुळं माळावर अडकतं. पाणी नाही, वाट नाही. एक धनगर त्यांना सापडतो. त्यांना त्याचं बोलणं कळत नाही, त्याला त्यांचं. तो त्यांना झऱ्याचं पाणी दाखवतो, दूध पाजतो, चार दिवस चालवत डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडतो. तिथं बाईच्या लक्षात येतं की हातातली बांगडी नाही. पोलीस धनगराला घेऊन जातात. बांगडी नंतर तिच्याच पिशवीत सापडते, पण मागं फिरून सांगायला कुणी जात नाही. शेवटी माळावर नुसती मेंढरं राहतात.

शूटिंग बेंबळीच्या आसपास झालेलं. धनगराचं काम केलं होतं म्हाळाप्पा नावाच्या खऱ्याच मेंढपाळानं. म्हाळाप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. गयाबाई त्यांची मुलगी, आता पासष्टीच्या पुढच्या. सिनेमा नवा करून आधी शूटिंगच्या गावात दाखवायचा, ही आमच्या क्लायंटची कल्पना. "तू तिकडचाच आहेस ना, तूच जा," असं आमच्या स्टुडिओचे मालक मेहता सर म्हणाले. मी मूळचा वाशीचा, मुंबईजवळच्या नव्हे, बेंबळीच्याच जिल्ह्यातल्या. म्हणून गेलो.

सिनेमा सुरू झाल्यावर गयाबाई आधी खूप हसल्या होत्या. वडील पडद्यावर आले की "आबा, आबा" म्हणून शेजारणीला कोपर मारायच्या. मग म्हाळाप्पा बोलले आणि त्यांचं कोपर थांबलं.

"ह्यो आवाज आबाचा न्हाय."

खरंच नव्हता. दिग्दर्शकाला म्हाळाप्पांचं बोलणं प्रेक्षकांना कळणार नाही असं वाटलं, म्हणून मुंबईच्या एका नटाकडून खेडवळ हिंदीत डब करून घेतलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आबानं सोलापुरात बघितला व्हता एकदा. म्हणायचा, त्यात बोलणं दुसऱ्याचंच घातलंय. पर शेवटाला मेंढरं बघत्यात, ती हाळी माझी हाय. मी क्यामेऱ्यामागं हुबा व्हतो, आसं सांगायचा. तेवडीच ऐकाय आलेय मी."

आणि शेवटाला मी त्यांना शांतता ऐकवली होती. स्वच्छ, एक कण नसलेली. त्या शांततेसाठी क्लायंटनं मला खास मेल पाठवून शाबासकी दिली होती.

दिवे लागल्यावर मी विचारलं, "मावशी, हाळी कशी होती?"

त्यांनी जीभ टाळूला लावली आणि टक्‌ टक्‌ केलं. थांबल्या. मग एकदाच, जरा जड, टक्‌.

टोकदार, छोटा आवाज. सॉफ्टवेअरला तो धुळीपेक्षा वेगळा कसा कळणार?

"परत्येकाची येगळी आस्ती," त्या म्हणाल्या. "आबाची दोन आन्‌ एक. दुसऱ्या कुणी कितीबी केलं तरी आमची मेंढरं मान वर करायची न्हाईत." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "तुमी वाशीचे म्हणं? वाशीकडं मेंढरं न्हाईत व्हय?"

आहेत. आमच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. दरसाल आठ-आठ दिवस त्यांचा वाडा, म्हणजे मुक्काम, असायचा. लहानपणी त्या दिवसांत मी तो टक्‌ टक्‌ रोज ऐकलाय. मान खाली घालून केबल गुंडाळत बसलो.

गाडीत बसल्या बसल्या मेहता सरांना फोन लावला.

"सर, शेवटच्या, सहाव्या रिळाचा रॉ हवा." रॉ म्हणजे धुण्याआधीचा, फिल्मवरून जसाच्या तसा उतरवलेला आवाज.

"कशाला?"

"शेवटच्या शॉटमध्ये मी चुकून खरा आवाज काढलाय."

"क्लायंटनं अप्रूव्ह केलंय. अप्रूव्हलनंतर रॉ आपण ठेवत नाही, तुला माहीत आहे. सर्व्हरला जागा कुठंय?"

"आणि प्रिंट?"

"तूच सही केलीस की."

केली होती. प्रिंट आंबली होती. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि तो शेजारच्या डब्यांनाही बाधतो. म्हणून क्लायंटच्या सांगण्यावरून ती नष्ट केली आणि कागदावर मी सही ठोकली. दुसरी प्रिंट किंवा निगेटिव्ह कुणाकडं असल्याचं कुणाला माहीत नव्हतं. पुढचे पंधरा दिवस मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. काही मिळालं नाही.

चूक कुठं झाली ते सांगतो. डीक्लिकमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की साफ झालेला आवाज नाही, तर काढून टाकलेला कचरा तेवढा ऐकू येतो. मी हे काम ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचा दंडक होता: रीळ पुढं पाठवण्याआधी कचरा पूर्ण ऐकायचा. पाच रिळांचा मी ऐकला. सहाव्याच्या वेळी मेहता सर दर तासाला दारात येत होते. "झालं का? सोमवारी फेस्टिव्हलला पाठवायचंय." शेवटी नुसता माळ आणि मेंढरं. बोलणं नाही, संगीत नाही. त्यात ऐकायचं काय, असं म्हणून मी ते बटण दाबलं नाही.

एक गोष्ट मात्र उरली होती. काम मिळवताना क्लायंटला आम्ही 'आधी आणि नंतर' असा नमुना पाठवला होता. त्यासाठी सगळ्यात घाण तुकडा मीच निवडला होता, वीस सेकंदांचा, शेवटच्या शॉटचा. तो माझ्या जुन्या मेलमध्ये सापडला. 'आधी'च्या भागात नुसती चटचट. मी तो रात्रंदिवस ऐकला. त्यात म्हाळाप्पा आहेत की नाहीत हे मला सांगता येईना. तीस वर्षं कानांवर पोट भरलं आणि मला ते सांगता येईना, याची मनस्वी लाज वाटली.

पुन्हा बेंबळीला गेलो. गयाबाईंच्या ओसरीवर लॅपटॉप मांडला, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. सांगितलं, लई घाण आवाज आहे, मधे काही ओळखू आलं तर बोट वर करा.

त्या डोळे मिटून बसल्या. चटचट सुरू झाली. दुसरा हेडफोन जोडून मीही ऐकत होतो.

बोट वर झालं.

"ह्यो आबा."

मला काही कळलं नाही.

"ह्यो न्हाय. ह्यो बी न्हाय. ह्यो आबा, ह्यो आबा." जरा थांबून, "आन्‌ ह्यो."

तुकडा संपला. मी जिथं जिथं बोट वर झालं होतं तिथं खुणा केल्या आणि पुन्हा लावलं. बोट बरोबर त्याच जागी वर गेलं. दोन आणि एक. दोन आणि एक. आता मलाही ऐकू येत होतं, धुळीतून कुणीतरी माळावर उभं राहून बोलावत असल्यासारखं. तिसऱ्यांदा दोन वाजले आणि नमुना तिथंच तुटला. मेंढरं मान वर करायच्या आधीच.

गयाबाई रडत होत्या. मीही रडलो, लपवत नाही.

"मावशी, मी घरी जाऊन बाकीची चटचट काढतो. नुसता आबांचा आवाज ठेवून फोनवर देतो."

त्यांनी घाईनं हेडफोन काढून छातीशी धरले.

"नगं. काय बी काढू नगा आता. हाय तसं ऱ्हाऊ द्या."

तसंच त्यांच्या फोनवर घालून दिलं, चटचटीसकट.

परत आल्यावर मी मेहता सरांना म्हणालो, निदान एवढी हाळी तरी सिनेमात परत बसवू. त्यांनी क्लायंटला विचारलं. उत्तर आलं, गरज नाही. फेस्टिव्हलमध्ये शेवट फार गाजलाय. मेंढरं अचानक शून्यात बघतात, हे लोकांना फार खोल वाटतंय, त्यावर लेखही आलेत. सिनेमा आता तसाच जगभर फिरतोय आणि पुढंही तसाच राहील. मेंढरं त्यांना बोलावणाऱ्या माणसाकडं बघतात हे बेंबळीतल्या एका बाईला माहीत आहे, आणि मला.

आता मी प्रत्येक रिळाचा कचरा शेवटपर्यंत ऐकतो. नव्वद टक्के धूळच असते. कामाला एक दिवस जास्त लागतो. मेहता सर दारात येऊन चिडतात, "कचरा काय ऐकत बसलायस?" मी हेडफोन काढत नाही.