बसून कापायचं गवत

गेलं वर्षभर ताईचा फोन आला की पहिला शब्द ‘लवकर’ असायचा. लवकर ये, यांना ठसका लागलाय. लवकर ये, खुर्चीतून घसरलेत, मला एकटीला उचलवत नाहीत. मी लोणावळ्याला राहते आणि ताई पुढच्याच स्टेशनवर, मळवलीला. त्यामुळे हाताला लागेल ती पिशवी घेऊन मी निघायची. त्या सकाळी मात्र ती म्हणाली, “सुनंदा, घाई करू नको. चहा वगैरे घे, सावकाश ये.” मी फोन ठेवला आणि चहा टाकला. खरोखरच टाकला, आणि तो उकळून काळा होईपर्यंत ओट्याशी उभी राहिले. दाजी गेले होते, आणि आता लवकर जाऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दाजींच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन होतं, त्याला आलेली बहुतेक माणसं ताईचा हात हातात घेऊन एकच वाक्य म्हणाली, “सुटले बिचारे.” मी जन्मभर शाळेत शिकवलं. चुकीचं उत्तर कानावर आलं की अजून मला गप्प बसवत नाही, पण त्या दिवशी ताईकडे बघून बसले. सुटायची घाई झालेला माणूस गवत कापायचं मशीन घ्यायला निघत नाही. दाजी शेवटच्या दीड वर्षात दुसरं काहीच करत नव्हते. ते मशीन निवडत होते.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, प्रकाश. जन्म परंदवडीचा. त्यांच्या वस्तीतल्या बहुतेकांना स्वतःचं शेत नव्हतं. गवतसुद्धा दुसऱ्याच्या बांधावरचं कापायचं, भारा डोक्यावर घ्यायचा आणि सडकेला नेऊन विकायचा. दाजींच्या आईने उभं आयुष्य तेच केलं. ताईच्या लग्नात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या सगळ्यांच्या पाया पडतायत असंच मला वाटलं. नंतर कळलं की त्यांची पाठ तशीच राहिली होती. लहानपणी दाजी त्यांच्या मागून छोटा भारा घेऊन चालायचे. पुढे शिकले, तळेगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागले आणि निवृत्त होताना मळवलीला जागा घेतली. एका कोपऱ्यात दोन खोल्या आणि पडवी, बाकी सगळं मोकळं. कोणी म्हणालं आंबे लावा, कोणी म्हणालं भात करा. दाजींनी गवत ठेवलं. पडवीपासून पार कडेच्या जांभळापर्यंत नुसतं गवत.

“हे कुणाच्या म्हशीसाठी न्हाई आन् कुणाच्या घोड्यासाठी न्हाई,” ते म्हणायचे. “बघायला ठेवलंय.”

प्रत्यक्षात ते शेजारच्या किसनआबांच्या म्हशीच खात होत्या. आबा मूळचे भाजे गावचे. दर पावसाळ्यात विळा घेऊन हजर व्हायचे आणि दाजी नाही नाही म्हणत त्यांना कापू द्यायचे. मग एकदा जवळच्या कुठल्याशा रिसॉर्टवर दाजींनी एक माणूस छोट्या ट्रॅक्टरवर बसून गवत कापताना पाहिला. पाय पसरून, पाठ टेकून, डोक्यावर टोपी. घरी आले ते बेत ठरवूनच आले. “सुनंदे, माझी आई वाकून कापत गेली. मी बसून कापणार. राजासारखा.” आबा पडवीत तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “आवं भाऊ, येवडं गवत काय मशीनला चारायचं? आमी काय मेलो व्हय?” दाजी म्हणाले, “आबा, तुमच्या म्हशींना मशीननं कापलेलं देईन. इस्त्री केल्यावानी.” दोघं इतके हसले की आबांची तंबाखू सांडली.

इथे दाजींचा एक स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कारखान्यात एक शब्द कानावर आला की ते भडकायचे. तो म्हणजे ‘डायरेक्ट’. यंत्राला सुरक्षेसाठी एखादा स्विच दिलेला असतो. झाकण नीट लागल्याशिवाय, हात बाहेर असल्याशिवाय ते चालतच नाही. लोक घाईपायी तो स्विच काढून वायर थेट जोडतात. असंच एक यंत्र ‘डायरेक्ट’ केलेलं असताना दाजींच्या शेजारच्या कामगाराची बोटं गेली होती. तेव्हापासून त्यांच्यासमोर तसं करायची कोणाची छाती व्हायची नाही. एकदा माझ्या मिक्सरच्या झाकणाचा खटका तुटला. मी गल्लीतल्या दुकानदाराकडून मिक्सर खटक्याशिवायच चालेलसा करून आणला. दाजी त्या दिवशी माझ्याकडे जेवायला होते. चटणी करताना मी उघड्या भांड्यात चमचा घातलेला त्यांनी पाहिला आणि ते भरल्या ताटावरून उठले. मिक्सरची वायर उपटली, मिक्सर पिशवीत घातला, सोबत घेऊन गेले आणि नवा खटका बसवून आठवड्याने परत केला. तोवर मी पाट्यावर वाटलं. मी म्हटलं, “दाजी, फार अती करता हं तुम्ही.” ते म्हणाले, “मशीनला एवढंच कळतं, मेहुणीबाई. तेवढं तरी त्याला कळू द्यावं.”

तर मशीनची निवड सुरू झाली. आधी मोबाइलवर व्हिडिओ, मग पुण्यातल्या एका दुकानात जाऊन बसून बघणं. दोनदा गेले आणि मला आणि ताईला दोन्ही वेळा बरोबर नेलं, साडीच्या दुकानात नेतात तसं. पहिल्यांदा त्यांच्या मनात भरलं ते दोन दांड्यांचं. त्याला स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन्ही हातांत दोन दांडे, एक ओढला की गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते. दाजी त्याच्यावर बसून दुकानातल्या टाइल्सवर लहान पोरासारखे हात हलवत होते. पण दुकानदाराने जागेचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “काका, उतार आहे, त्यात मावळचा पाऊस. हे ओल्या उतारावर घसरेल.” मग दाजी चाकाच्या मशीनवर आले. पायाने दाबलं की पुढे, सोडलं की थांबतं. तेच घ्यायचं ठरलं. दुकानातून बाहेर पडताना त्यांची उजव्या पायातली चप्पल मागे राहिली. ते तसेच पुढे गेले आणि मी ती उचलून आणली. आम्ही तिघंही हसलो...

चप्पल नंतर रोजच निसटायला लागली. मग जिन्यावर पाय अडायला लागला. तपासण्या झाल्या आणि पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात, औषध नाही. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर दाजी बराच वेळ उजव्या पावलाकडे बघत होते. तळेगाव मागे पडल्यावर म्हणाले, “म्हणजे पायाचं मशीन बाद.”

तिथून पुढे निवडणं म्हणजे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. पायाने चालवायचं बाद झालं तेव्हा हाताच्या दांड्याने वेग बदलणारं शोधायला घेतलं. ते सापडेपर्यंत डावा हात कपाएवढंही वजन धरेना. मग चाकावर एक मूठ बसवून एकाच हाताने वळवता येईल असं बघू लागले. दुकानदार म्हणायचा, मागवावं लागेल, वेळ लागेल. वेळच तर नव्हता. शरीर आधी एक एक गोष्ट सोडून द्यायचं आणि दाजी उरलेल्यात बसेल असं मशीन शोधत मागून जायचे. शर्यत म्हणावं तर तीही नव्हती, कारण कोण जिंकणार ते सगळ्यांना माहीत होतं.

ताईचा आधी कडाडून विरोध होता. तिचं तरी काय चुकलं? ती दिवसभर त्यांना उठवणं, भरवणं, कूस बदलणं करत होती. “अहो, घरात तुम्हाला खाटेवरून उठवायला माणूस नाही, आणि अंगणात गाडी कशाला?” असं ती त्यांच्या तोंडावर म्हणाली. तोवर त्यांचं बोलणंही जड झालं होतं, अर्धं ताईलाच कळायचं. पण एका दुपारी मी गेले तर ताई पडवीत उभी राहून फोनवर भांडत होती, “मला सबबी सांगू नका. तुम्ही दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणता. आमच्याकडे पुढचा महिना नाहीये.” मी विचारलं कोण? ती म्हणाली, “मशीनवाला.” आणि आत जाऊन दाजींची पेज ढवळायला लागली.

ते एका हाताचं मशीन आलं दसरा होऊन गेल्यावर. दुकानदाराला दसऱ्याच्या मुहूर्तावर द्यायचं होतं, ते जमलं नाही. गवत कमरेपर्यंत आलेलं. एवढ्या उंच गवतात ते चालणार नाही म्हणून आबांनी पहाटेपासून वाकून विळ्याने एक पट्टा बसका करून ठेवला होता, पडवीपासून जांभळापर्यंत. बाकीचं पुढे बघू, एकदा जांभळापर्यंत जाऊन यायचं, एवढंच ठरलं होतं. मी आणि आबा दोन्ही बाजूंनी चालणार, ताई मागून. दुकानातून आलेल्या मेकॅनिकने सगळं समजावलं. आम्ही तिघांनी दाजींना उचलून सीटवर बसवलं, ताईने स्वतःची जुनी साडी त्यांच्या छातीभोवती आणि सीटच्या पाठीभोवती बांधली. मेकॅनिकने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. दाजींचे खांदे, हनुवटी, सगळं थरथरायला लागलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मेकॅनिकने ब्रेकचा दांडा सोडला. इंजिन बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं. ब्रेक लावलेला असेपर्यंत छान चालायचं. ब्रेक सोडला की बंद. मेकॅनिकने सीटखाली हात घातला, स्प्रिंग सैल केली, पुन्हा बसवून पाहिलं. मग तो आमच्याकडे न बघता म्हणाला, “सीटखाली स्विच असतो. माणूस पडला तर पातं थांबावं म्हणून. सीटवर वजन नसेल तर ब्रेक सोडला की मशीन बंद होतं.” हात पुसत म्हणाला, “काकांचं वजन कमी पडतंय. मशीनला वाटतंय, सीटवर कोणी नाही.”

दाजींचं बोलणं एरवी मला कळायचं नाही, पण ते वाक्य कळलं. “बरोबर... हाय त्याचं.”

आबांना ते सहन झालं नाही. “थांबा, तांदळाचं पोतं आनतो. भाऊंच्या मांडीव ठिवू. मंग कसं चालत न्हाई बगतो.” दाजींचे डोळे हसले. ताईने त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि आम्हाला सांगितलं, “म्हणतायत, मग पोत्यालाच चालवू द्या.” मेकॅनिकही जरा मोकळा झाला. पक्कड काढत म्हणाला, “त्यात काय एवढं? दोन वायरी जोडल्या की झालं. पाच मिनिटांत डायरेक्ट करून देतो.”

दाजींची मान तेव्हा धड उभी राहत नव्हती. तीच मान त्यांनी हलवली. नाही. ताई त्यांच्यासमोर चिखलात खाली बसली. “अहो, एकदाच. त्या जांभळापर्यंत. आम्ही धरतोय ना? कोण बघतंय इथे?” पुन्हा नाही. मला इतका राग आला... यंत्राचा आला, दाजींचा आला. जन्मभर पाळलेला एक नियम एका पट्ट्यापुरता मोडला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण मी ते बोलले नाही. भरल्या ताटावरून उठून माझा मिक्सर घेऊन जाणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि तो अजून पुरता तोच होता.

त्यांनी एकच मागितलं. ब्रेक लावून, पातं बंद ठेवून, इंजिन चालू करून द्या आणि थोडा वेळ बसू द्या. ऊन उतरेपर्यंत ते तसे बसले. मशीन जागच्या जागी घुरघुरत होतं, साडीत बांधलेले दाजी त्याच्याबरोबर हलत होते आणि समोरच्या पट्ट्याकडे, जांभळाकडे बघत होते. पट्टा आबांनी वाकून कापलेला. दाजी दिवाळीनंतर गेले.

गवत आता वाळून पिवळं पडलंय. आबांनी ते कापून नेलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, “हात होत न्हाई, मावशी.” दुकानदार मशीन परत घ्यायला तयार आहे, असा दोनदा निरोप आला. ताईने उत्तर दिलेलं नाही. मशीन पडवीच्या कडेला पावसाळी कापडाखाली उभं आहे, आणि बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा चालू करा असं मेकॅनिकने सांगितलं होतं, तेवढं मात्र ती न चुकता करते.

परवाच्या रविवारी मी तिथे होते. ताईने कापड काढलं, सीट पदराने पुसली आणि बाजूला उभं राहून चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. मग तिने हात पुढे करून ब्रेकचा दांडा सोडला. इंजिन बंद पडलं. मला वाटलं चुकून झालं. पण तिने ब्रेक लावला, पुन्हा चावी फिरवली, आणि पुन्हा तेच केलं.

“अगं, बंद करायचं तर चावी फिरव ना. ब्रेक कशाला सोडतेस?”

“माहीत आहे मला.”

“मग?”

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. “बघते गं,” ती म्हणाली. “आता तरी त्याला कळतंय का, कोणी बसलंय ते.”

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने पुन्हा चावी फिरवली आणि ब्रेक सोडला. आम्ही दोघी सीटकडे बघत होतो. इंजिन बंद पडलं.