उणे दोन किलो भुसा

कामावरून आली की आत्या दारातच थांबायची, वर्तमानपत्र पसरायची आणि अंबाडा सोडून केस झटकायची. भुरभुर भुसा पडायचा. “आज ओलं लाकूड होतं,” असं वासावरून सांगायची आणि मगच घरात पाऊल टाकायची.

लाकडी खोकी बनवणाऱ्या कारखान्याचं भांडार तिच्या ताब्यात होतं. संगणक आणायचा हट्ट तिचाच. संगणकाच्या गेटपासशिवाय फाटकाबाहेर काडीसुद्धा जाणार नाही, हा नियमही तिचाच.

संगणकात प्रत्येक खोक्याची कृती होती, स्वयंपाकाची असते तशी: इतक्या फळ्या, इतके खिळे. कापताना निघणारा भुसा मात्र त्यात कुठेच नव्हता. संगणकाच्या लेखी भुसा शून्य, आणि शून्याचा गेटपास निघेना. खरा भुसा तोवर खिडकीला टेकला. आगीचा धोका तपासायला आलेला अधिकारी बजावून गेला, “शुक्रवारपर्यंत हलवा, नाहीतर कारखान्याला कुलूप.”

मालक रडकुंडीला आले. “बाई, नियम जरा वाकवा की!”

“आज भुशासाठी वाकवला, तर उद्या फळ्याही त्याच वाटेने जातील.”

“मग काय, डब्यात नेऊन खाऊ या थोडा थोडा,” करवतीवरचे दादा म्हणाले.

बुधवारी आत्याने खोक्याच्या कृतीत एक ओळ वाढवली: भुसा, दोन किलो. खुशीत सगळ्यांना चहा पाजला.

गुरुवारी सकाळी फाटकात ट्रक हजर. भुशाने शिगोशीग भरलेला.

कृतीत लिहिलेलं सगळं लागतंच, असा संगणकाचा समज. चारशे खोक्यांना आठशे किलो भुसा हवा, भांडारात तर कणही नाही. म्हणून त्याने आपणहून शेजारच्या लाकूड कापायच्या कारखान्याला मागणी धाडली होती. शेजारी हरखून गेले होते. त्यांच्याही खिडक्या बुजल्या होत्या. “ताई, अजून दोन ट्रक पाठवू का?” त्यांनी फोनवर विचारलं. “तुमच्यासाठी काय वाट्टेल ते!”

दादा हसून हसून जमिनीवर बसले. आत्याही हसली, पण कान लालबुंद झाले होते. ट्रक परत पाठवून ती पडद्यासमोर बसली.

“फळी आत जाते. भुसा बाहेर पडतो,” ती पुटपुटली. आणि दोनच्या आधी तिने एक आडवी रेघ मारली. उणे दोन.

मग महिनाभरातली खोकी तिने नव्याने नोंदवायला घेतली. प्रत्येक खोक्यामागे दोन किलो भुसा भांडारात जमा! आठशे झाला, सोळाशे झाला. सगळा कारखाना तिच्या खुर्चीमागे उभा राहून आकडे ओरडत होता. गेटपास फडफडत बाहेर आले.

शुक्रवारी अधिकारी फाटकातून आत आणि शेवटचा ट्रक बाहेर, एकाच वेळी. मालकांना नाचावंसं वाटत होतं; थोडे नाचलेही. आत्या मात्र पदर खोचून ट्रकमागे धावत सुटली होती.

“अहो, ताडपत्री घट्ट बांधा! रस्त्यावरच्या लोकांनी काय पाप केलंय?”