आधी तिला रडू दे

रझिया खाला कोरफडीचं पान कापलं की ते वाटीत उभं करून ठेवायच्या आणि शेजारी ठाण मांडून बसायच्या. बुडातून पिवळं, कडू पाणी थेंब थेंब गळायचं. कुणी घाई केली की म्हणायच्या, "आधी तिला रडू दे गं माय. तिचं रडून झालं की मग तुझ्या तोंडाची आग थांबवते ती."

नांदेडात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. शिंपीकाम करणारा नवरा गेल्यावर त्या एकट्याच. गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत कोरफडच कोरफड. उन्हानं भाजलेली मान असो की तव्याचा चटका, सगळी गल्ली त्यांच्याच दारात. पान नुसतं कधी द्यायच्या नाहीत. धुऊन, सोलून आतला गर द्यायच्या, आणि आधी कोपराच्या आत लावून बघायला सांगायच्या. मी पार्लर काढलं तेव्हा थ्रेडिंगनंतर बायकांच्या भुवया भगभगायच्या. खाला म्हणाल्या, "बाटलीतलं हिरवं काय लावून राहिली? त्याला वास हाय, जीव न्हाई. माझ्याकडचा गर ने." त्या गरानं लाली उतरायची, बायका खूश व्हायच्या आणि नाव माझं व्हायचं.

आणि मी काय केलं? लग्नसराई होती. गल्लीतल्या मंगलताई लेकीला घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पोरीची हळद. बाहेर चार जणी ताटकळलेल्या. गर संपलेला, खाला बाजारात गेलेल्या. मीच त्यांच्या गच्चीवरून पान तोडून आणलं, सोललं आणि तसंच पोरीच्या तोंडाला फासलं. रडू दिलंच नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या गालांवर लाल चट्टे उठले.

मंगलताई तणतणत आल्या. माझं पार्लर जेमतेम वर्षाचं. तोंडातून निघून गेलं, "पान खालांकडचं होतं हो." त्या तशाच शेजारच्या दारात गेल्या आणि खालांना वाट्टेल ते बोलल्या. मी मागं उभी. खालांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. "हाव ताई," त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं. पान बराबर न्हवतं."

त्यानंतर बायका त्यांच्याकडे जाईनात. मी उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची लेक त्यांना मुदखेडला, तिच्या सासरी, घेऊन गेली. जाताना त्यांनी कोरफडीचा एक डबा माझ्या दारात ठेवला. "पाणी कमी घाल. आन् घाई नको करू," एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मुदखेड काय लांब आहे? पण लाजेनं पाऊल उचललं नाही. मग एक दिवस लेकीचाच फोन आला, खाला गेल्या.

त्या एका डब्याचे आता सात डबे झालेत. मागच्या आठवड्यात मंगलताई फेशियलला आल्या. मी वाटीत पान उभं केलं तर म्हणाल्या, "त्या म्हातारीच्या कोरफडीनं माझ्या पोरीचं तोंड बिघडवलं होतं बघ. तुझी मात्र चांगली असते."

"ताई, ही त्यांचीच कोरफड आहे," मी म्हणाले. "तेव्हा पान मी कापलं होतं. पिवळं पाणी मीच गळू दिलं नव्हतं. खालांचं काहीच चुकलं नव्हतं."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अगं, मग हे त्या म्हातारीसमोर बोलायचं होतंस की."