तन्वीचं अर्धं राहिलेलं वाक्य

माझे वडील वारले तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.

बंद मी केलं होतं.

आज आबांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर इथं त्यांच्याबद्दल एक ओळ टाकली नाही. तोंडच नव्हतं.

आबा लासूर स्टेशनच्या मार्केट यार्डात मापाडी होते. चाळीस वर्षं लोकांच्या धान्याची पोती काट्यावर तोलली. आई गेल्यावर शहरात आमच्याकडं, पुंडलिकनगरला राहायला आले.

माझी मुलगी तन्वी तेव्हा सहावीत होती. ती बोलताना अडखळते. लहानपणापासून.

आणि मी एका कंपनीत एचआरला आहे. नवीन पोरांना कम्युनिकेशन स्किल्सचं ट्रेनिंग देतो.

पाहुण्यांनी नाव विचारलं की ती पहिल्याच अक्षरावर अडकायची. मी लगेच सांगून मोकळा, तन्वी. कितवीला? सहावीला. हॉटेलात तिची ऑर्डरसुद्धा मीच द्यायचो.

मला वाटायचं, मी तिला सांभाळून घेतोय.

खरं सांगायचं तर त्या चार सेकंदांत लोक आमच्याकडं बघायचे, ते मला सहन व्हायचं नाही.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर रिक्षावाल्यानं तिला विचारलं, कुठं जायचं बेटा? पत्ता मी सांगितला.

आबांना कुणी काही शिकवलं नव्हतं. ते नुसते थांबायचे. तिचा शब्द येईपर्यंत तिच्याकडं बघत बसायचे. मी मध्ये तोंड घातलं की म्हणायचे, “थांब की जरा. येतंय तिचं.”

संध्याकाळी तिला घेऊन भाजीला जायचे. काय पाहिजे ते तिनंच सांगायचं, असा दोघांचा नियम. भाजीवाल्या मावशीपण थांबायला शिकल्या. हळूहळू तन्वी घरी येऊन दिवसभराचं सांगायला लागली. मला नाही. माझ्या बायकोला, अर्चनाला.

एकदा भाजीच्या गाड्यापाशी कॉलेजची दोन पोरं तिची नक्कल करून हसली. शेजारच्या वहिनींनी ते बघितलं आणि मला फोन केला.

मी ऑफिसातून तापूनच घरी आलो. तन्वी समोर बसलेली. तिच्यादेखत मी आबांना म्हणालो,

“तुम्ही जन्मभर पोती तोलली. लेकरांचं तुम्हाला काय कळतं?”



दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पिशवी भरून माझ्या धाकट्या भावाकडं लासूरला निघून गेले. तन्वी त्यांच्यासोबत गेटपर्यंत गेली. मी पेपर वाचत बसलो. वाचत नव्हतो, पण खाली ठेवला नाही.

सात महिने.

आबा अर्चनाच्या फोनवर तन्वीशी बोलायचे. त्यांचा आवाज आला की मी उठून गॅलरीत जायचो.

मला त्यांनी एकदाच फोन केला. डोळे दाखवायला शहरात आले होते. म्हणाले, “क्रांती चौकात हाय मी. पोरीला जरा भेटून जाऊ का?”

माझा बाप मला विचारत होता, जाऊ का.

मी म्हणालो, तिचा क्लास आहे, पुढच्या वेळी बघू.

क्लास नव्हता.

तीन आठवड्यांनी दुपारी भावाचा फोन आला. आबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्याला, जेवणं झाल्यावर, मांडवात चार जण आबांबद्दल बोलले. मीपण बोललो. छान बोललात, असं नंतर दोघांनी सांगितलं. त्याची आजही लाज वाटते.

मग तन्वी उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“मला आणि आबांना... दोघांना पण... प... प...”

अडकली.

मांडवात पन्नास-साठ माणसं होती. अंगठेबहाद्दर हमालांपासून कॉलेजात शिकवणाऱ्यांपर्यंत. सगळी थांबली. कुणी हसलं नाही, कुणी चुळबुळ केली नाही.

थांबलो नाही तो मी.

“पेरू आवडायचे,” मी म्हणालो.

दोघं भाजीला जाताना पेरू खातात, एवढंच मला माहीत होतं.

लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. तन्वीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली बसली.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. हो. नाही. आले.

आज सकाळी वर्षश्राद्धाला लासूरला निघालो. अर्चना कालच गेली होती, गाडीत आम्ही दोघंच. वर्षभर जे विचारायची हिंमत झाली नाही ते विचारलं. त्या दिवशी तुला पेरूच म्हणायचं होतं का?

नाही, म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत राहिली.

माझ्या तोंडात तिच्यासाठी चार शब्द तयार होते. गिळले. एक टोलनाका गेला.

“प... पप्पांची भीती वाटायची, असं म्हणायचं होतं. आबांना पण. म्हणून आम्ही बाहेर जायचो.”

गाडी बाजूला घ्यावी लागली.

थोड्या वेळानं मी विचारलं, अजून वाटते?

यावेळी उत्तराला वेळ लागला, पण ती अडकली नव्हती. विचार करत होती.

“थोडी,” म्हणाली.

आज फोटोसमोर भावानं मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी नको म्हणालो.

ही पोस्ट आधी तन्वीला वाचायला दिली. तिनं एक ओळ काढायला लावली, ती काढली. बाकी राहू द्या म्हणाली.

आबा, मी चुकलो. तुम्ही क्रांती चौकात उभे होतात तेव्हाच हे म्हणायला पाहिजे होतं.

तुम्हाला तुमच्या मोठ्या मुलाचा नमस्कार.