दोष कोळंबीचा नव्हता

हे मी सुधीरलासुद्धा सांगितलेलं नाही. इतकी वर्षं संसार केला, एकमेकांची आजारपणं काढली, भांडलो, पुन्हा बोललो — पण हे नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

तेव्हा आम्ही शारजात राहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी नोकरी दुबईत, रास अल खोरला, एका कार्गो कंपनीत — दिवसभर इनव्हॉइस, फॅक्स आणि गोदामातून येणारे 'यल्ला, यल्ला' करत घाई लावणारे फोन. सकाळी ट्रॅफिकमध्ये जायचं, संध्याकाळी ट्रॅफिकमधून यायचं. बाळंतपणापासून कंबर धरलेली. गाडीत बसलं की कळ पार टाचेपर्यंत उतरायची. डॉक्टर म्हणायचे, रेस्ट घ्या. रेस्ट कुठे मिळते, सांगा ना?

बर दुबईत कापडाच्या दुकानांमागे एक पार्लर होतं. तिथे नोई नावाची थाई बाई होती, पाठ छान रगडून द्यायची. एकदा माझं कण्हणं ऐकून तिनं स्वतःच्या डब्यातली हिरवट पूड पुडीत बांधून दिली. चवीला कडूजहर. तिच्या गावाकडे माणसं याच झाडाची पानं चघळून रबराच्या मळ्यात राबतात म्हणे. "क्रातोम," ती म्हणाली. "लिटल, मॅडम. नॉट एव्हरी डे." आणि बोट नाचवत पुन्हा — "नॉट एव्हरी डे."

त्या दिवशी कंबर दुखली नाही. नुसती दुखली नाही असं नव्हे — मी घरी जाऊन पडदे धुतले! पुढे मी तिच्याकडून ती पूड विकतच घ्यायला लागले. हे इथे चालतं का, कायद्यात बसतं का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मी नियम घातले होते स्वतःला. दुखणं फार वाढलं तरच. एक दिवस घेतलं तर पुढचे काही दिवस नाही. मी शिकलेली बाई, मला कळतं, मी जबाबदारीनं घेते — हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल! मग ऑफिसात ऑडिट आलं, तेवढ्यापुरतं रोज. ऑडिट गेलं, रोज राहिलं. चुकलं की नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, पाय एका जागी ठरायचे नाहीत. मी उठायचे, बसायचे, उगाच कपाटं आवरायचे, मुलीवर खेकसायचे. घरात सांगून ठेवलं होतं — आयुर्वेदिक चूर्ण आहे, ऑफिसमधल्या एकीनं केरळहून आणलंय. डबा उघड्यावर, मसाल्यांच्या फळीवर. लपवला नाही. लपवला नाही म्हणजे चोरी नाही — असंच ना?

त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या, व्हिजिट व्हिसावर. आई मूळच्या अलिबागच्या. पुण्यात आयुष्य गेलं तरी जीव माशात. आणि आमच्या समोरच्या दारात शैलाताई! मालवणच्या. नवरा गॅरेजमध्ये, आणि या घरी रांधून कोकणातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे द्यायच्या. परवाना वगैरे काही नव्हता, पण बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं, कुणाची हरकत नव्हती. त्यांची आणि आईंची अशी गट्टी जमली की मी ऑफिसातून आले तरी दोघी कोकमावरून वाद घालत बसलेल्या असायच्या. मला हलकं वाटायचं. खरं सांगते, फार हलकं वाटायचं.

एका शुक्रवारी सुधीर मित्रांबरोबर बाहेर गेला होता. शैलाताईंनी खास आईंसाठी कोळंबीचं तिखलं पाठवलं. आई जेवल्या, मी जेवले. मुलीनं नेहमीसारखं "टू स्पायसी" म्हणून ब्रेड खाल्ला. नंतर मी आत आडवी झाले.

मुलीनं हलवून उठवलं. "ममा, आजी इज टॉकिंग फनी."

आई सोफ्यावर कलंडल्या होत्या. उलटी झालेली, घामानं पातळ भिजलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. समोर टीपॉयवर गरम पाण्याचा पेला, तळाशी हिरवट गाळ.

"गुडघे फार ठणकत होते गं," त्या जड जिभेनं म्हणाल्या. "तुझं चूर्ण घेतलं थोडं. तुला किती उतार पडतो..."

मी पेला विसळला. कळतंय ना तुम्हाला? आधी पेला विसळला. मग सुधीरच्या मित्राकडे फोन लावला.

इमर्जन्सीत एक मल्याळी डॉक्टर होते. त्यांनी आईंच्या डोळ्यांत टॉर्च मारला, माझ्याकडे वळले. "पुतली बहुत छोटी है. बीपी की गोली के अलावा कुछ दिया? हर्बल, देसी, कुछ भी?"

आई पुटपुटल्या, "चूर्ण..."

"मेथी," मी म्हणाले. "मेथी पावडर लेती हैं, डॉक्टर. घुटनों के लिए." आणि मग — कुणी विचारलंही नव्हतं — "आज बाहर का झींगा खाया था. सिर्फ इन्होंने खाया."

सिर्फ इन्होंने. माझ्या हातांना अजून त्या कोळंबीचा वास होता.

काय चाललं होतं माझ्या डोक्यात? जेल. सुधीरचा व्हिसा, मुलीची शाळा, पेपरात नाव. हे सगळं होतं, हो. पण त्याच वेळी आईंचा श्वास मंदावत होता, आणि तो माणूस चुकीच्या दिशेनं विचार करत होता, आणि त्याला तिकडे मी पाठवलं होतं. त्या वाचल्या, कारण त्यानं माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला नाही. शेजारी नर्स बसवली, ऑक्सिजन लावला, तिथून हलू दिलं नाही.

सुधीर आला तो थेट विचारत, "खाल्लं काय होतं?" मी सांगितलं. त्यानं शैलाताईंच्या दारात जाऊन काय तमाशा केला ते वेगळं सांगायला नको. बिल्डिंगभर झालं. डबे घेणारी पोरं एकेक करून बंद झाली. कुणीतरी तक्रारीची भाषा केली, तसा शैलाताईंच्या नवऱ्यानं घाबरून चूलच बंद करायला लावली. त्याच्या एकट्याच्या पगारात भाडं निघेना. ठरलं — तो लेबर कॅम्पमध्ये राहणार, आणि शैलाताई लहानग्या लेकीला घेऊन मालवणला.

जायच्या आधी त्या आमच्याकडे आल्या. आई घरी आल्या होत्या, खुर्चीत बसलेल्या. शैलाताईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तशाच बसून राहिल्या.

"आई, मी कोळंबी स्वतः साफ केली होती हो. ताजी होती. काय झालं ते माझं मलाच कळत नाही."

"अगं, माझंच पोट म्हातारं झालंय," आई म्हणाल्या. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

मग शैलाताई माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्ही तरी रागावू नका गो माझ्यावर."

मी म्हणाले, "जाऊ दे, झालं ते झालं."

मी तिला माफ केलं. ऐकताय ना? मी — तिला.

आणि अजून एक आहे, ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. ती निरोप घ्यायला आली तेव्हाही ती पूड माझ्या अंगात होती. आईंना हॉस्पिटलात ठेवून पहिल्यांदा घरी आले, तेव्हाही मी आधी फळीवरचा डबा उघडून किती उरलंय ते पाहिलं होतं. आईंचे कपडे नंतर भरले.

एकदा आई म्हणाल्या होत्या, "ते चूर्ण टाकून दे हं." मी म्हणाले, "कधीच टाकलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पेपर उचलला. त्यांना किती कळलं होतं? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता त्या नाहीत.

माझं सुटलं, पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. नोई तिच्या देशात परत गेली, पार्लर बंद झालं, खलास. दुसरं कुणी देणारं मला माहीत नव्हतं, एवढंच. कित्येक आठवडे पाय झाडत काढले. सुधीर तेल चोळून द्यायचा बिचारा.

शैलाताईंच्या नवऱ्याला त्यानंतर एकदा, दोन हजार दोन-तीनच्या सुमारास, मीना बाजारात पाहिलं होतं. एकटाच होता, लहान मुलीच्या मापाचा फ्रॉक उलटसुलट करून बघत होता. लेक तोवर बरीच मोठी झाली असणार. मी पलीकडच्या दुकानात शिरले, आणि तो जाईपर्यंत नको असलेलं कापड बघत राहिले.

सुधीर तो किस्सा अजून सांगतो. कुणी गल्फला निघालं की हमखास. "आमच्या आईला एका बाईनं कोळंबी घालून जवळजवळ मारलीच होती," असं म्हणतो, शैलाताईंचं बोलणं हेल काढून करून दाखवतो. चांगली नक्कल करतो तो. माणसं हसतात. मग माझ्याकडे बघून म्हणतो, "विचारा हिला, ही होती तिथे."

मी मान हलवते. "हो," म्हणते, "मी होते."