तोंड भिंतीकडं

"तोंड भिंतीकडं कर!" हे सरांचं रोजचं वाक्य. शाळेत मला ही शिक्षा व्हायची. सोलापूरच्या प्रयोगशाळेत त्याचाच पगार मिळायला लागला.

सर सुजेवर औषध शोधत होते. शरीरातल्या पेशी एकमेकींना 'सूज आणा' असा सांगावा धाडतात. तो मधेच अडवायचा, ह्यातच त्यांची सगळी नोकरी सरत आली. भवानी पेठेतली माणसं त्यांना गुडघे दाखवायला यायची. "मी डॉक्टर हाय, पण त्यातला न्हाय," म्हणत सर सुजेवर अंगठा दाबून बघायचेच.

औषध कुठल्या उंदराला आणि नुसतं पाणी कुठल्या, हे फक्त मला माहीत, कारण सुई मी टोचायचो. पायाची सूज सर मोजायचे. त्यांना ते कळता कामा नये, नाहीतर हात मनासारखं मोजतो. आणि आपलं तोंड पडलं नकलाकाराचं! औषधाचा उंदीर आला की भुवया वर. म्हणून मी भिंतीकडं तोंड करून आकडे लिहायचो.

"गप उभा राहा की!"

"सर, मी काय केलं?"

"तुझे कान हसायलेत."

मैंदर्गीहून अव्वांचा, म्हणजे त्यांच्या आईचा फोन यायचा. बोटं सुजून वाकडी झालेली. कानडीत विचारायच्या, "औषध आतेनो?" झालं का? सर म्हणायचे, "आगतद, अव्वा." होईल. हे मी इतकं हुबेहूब करायचो, की दाराबाहेरून शिपाई मलाच विचारायचा, "सर, चहा आणू?"

शेवटचं औषध. सर आकडे सांगत गेले, मी लिहीत गेलो. पाण्याचा उंदीर असो, औषधाचा असो, सूज तेवढीच. सरांच्या आधी मला कळलं.

"आज लई शांत हायस रे."

मी भिंतीचा पोपडा बघत राहिलो.

मग कुठला उंदीर कुठला, ते सांगितलं. सर आकड्यांकडं बघत बसले. "बरं," म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. सर उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. फोनवर तोंड दिसत नाही, तरी.

"आगतद, अव्वा."

पुढं ते रिटायर झाले. समारंभाला आलेच नाहीत. त्यांची शाल रिकाम्या खुर्चीवर ठेवली. कुणीतरी ओरडलं, "ए, सरांची नक्कल कर की!"

उठलो. भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. सगळे हसले, टाळ्या वाजल्या.

"आता बोल की!"

'आगतद, अव्वा'चा आवाज तयार होता. हसणं हळूहळू थांबलं. मी वळलो नाही.