एकतीस तारखेलोक

मला एका बाईचा फार त्रास आहे. वय अडतीस. कडक इस्त्रीची सुती साडी नेसते, डोळे ठणठणीत असताना गळ्यात चष्म्याची साखळी अडकवते, आणि कोणी काही विचारलं की आधी एक उसासा टाकते. ती बाई म्हणजे मीच. आता नाती मला आजी म्हणतात, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण ही काही मरायचं नाव घेत नाही. दुपारी जेवून जरा आडवं व्हावं तर समोरच्या खुर्चीवर येऊन बसते आणि कीबोर्ड बडवत राहते. भूत व्हायला आधी मरावं लागतं, असं कोणी सांगितलं?

तेव्हा मी रेल्वेलाईनवरच्या एका गावात, इस्पितळाच्या नोंदणीच्या खोलीत होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण जे झालं ते गावानं केलेलं नाही. इस्पितळात कोणी जन्मलं किंवा मेलं की वॉर्डातून सिस्टरची चिठ्ठी यायची, ती मी संगणकात चढवायची. महिना संपला की त्या महिन्यातल्यांची यादी काढायची. यादीत नाव असेल त्याला दाखला मिळायचा, नसेल त्याला नाही.

यादी काढायची म्हणजे संगणकाला त्याच्या भाषेत विचारायचं. त्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. मी गोंदियाला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि 'एसक्यूएल' हा शब्द लोक देवाचं नाव घेतात तसा घ्यायचे. भाजीवालीलासुद्धा सांगून झालं होतं. खरं तर मला त्यातली एकच ओळ धड येत होती: या तारखेच्या आणि त्या तारखेच्या मधले सगळे दाखव. 'मधले' म्हणायला त्यात 'बिटवीन' असा शब्द आहे. एक तारीख लिहा, एकतीस तारीख लिहा, बटण दाबा. प्रिंटर करकरत कागद सोडायचा आणि मी तो अशा ऐटीत फाडायचे, जणू आतली माणसं मीच जन्माला घातली होती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी नवा प्रोग्राम आला. जुन्यात नुसती तारीख लिहायचो, नव्यात तारखेबरोबर घड्याळातली वेळही लिहायची सोय होती. मी काय केलं? माझी जुनी ओळ उचलली आणि नव्यात चिकटवली. चालली. मग झालं तर.

दिवाळी सरली, गावोगाव मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरायला लागल्या, तेव्हा ती पहिल्यांदा आली. दरेकसा स्टेशनच्या पुढच्या एका टोल्यावरची. टोला म्हणजे आमच्याकडे चार-दहा घरांची वस्ती. वय असेल वीस-बावीस. खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली.

"बाई, माझ्या लेकराचा कागद पायजे."

"जन्माचा की मृत्यूचा?"

"दोन्ही."

मी मान वर केली. तिनं सांगितलं ते असं. बाळंतपणाला तिला गावच्या जीपनं आणलं. नवरा बाहेरगावी कामाला, सासू मागून गाडीनं येणार होती. एकतीस ऑक्टोबरला सकाळी मुलगा झाला. ती सुईच्या गुंगीत होती, मुलाला काचेच्या पेटीत ठेवायला नेलं. सासू पोचली तोवर संध्याकाळ. कोणीतरी तिच्या हातात गाठोडं दिलं आणि म्हटलं, नाही वाचला.

"बुढी म्हणते, मेलाच आला. मेला आला त्याचं नाव ठेवत नाई, म्हणते. तो धरायचाच नाई, म्हणते. पण तो रडला, बाई. मी आयकलं. मी नावबी ठेवलं आहे."

तिला एवढंच हवं होतं. आपलं मूल जिवंत जन्मलं होतं, असं कागदानं सासूला सांगावं.

मी उसासा टाकला. यादी चाळली. "नाही हो यात."

"एकतीस तारखेलोक पाहिलं ना तुमी?"

आमच्या बोलीत 'लोक' म्हणजे पर्यंत. सोमवारलोक म्हणजे सोमवारपर्यंत. माझी आई मरेलोक 'लोक'च म्हणत होती. पण संगणकाच्या खुर्चीवर बसल्यापासून मला ती बोली कानाला टोचायला लागली होती.

"'लोक' काय म्हणता? 'पर्यंत' म्हणावं. आणि पाहिलं मी, अगदी एकतीस तारखेपर्यंत."

शुद्ध भाषेत पहिली चूक मी केली ती ही.

दुसऱ्यांदा आली ती धानाच्या कापणीत. बोटांना विळ्याचे ओरखडे, पदराला धसकटं. मी पुन्हा यादी बघितली. यादी बदलणार थोडीच होती! मी तिला सांगितलं की वॉर्डातून चिठ्ठीच आली नसेल, त्या वेळची सिस्टर विसरली असेल. हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. आधीच्या महिन्यांत असेच दोघे-तिघे येऊन गेले होते, त्यांनाही मी हेच दिलं होतं. त्या सिस्टरची बदली झाली होती. जी माणसं उत्तर द्यायला हजर नसतात त्यांच्यावर ढकलायला बरं पडतं.

ती गेली नाही. गज धरून विचार करत राहिली. मग म्हणाली, "का मलेच भास झाला, बाई?"

आणि ती साखळीवाली शहाणी म्हणाली, "गुंगीत होतं तसं कधीकधी."

हे वाक्य मी किती सहज बोलले! तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला आज दिसतं, तेव्हा दिसलं नव्हतं. तेव्हा मी पुढचा कागद ओढला होता. तोवर सासू एकीकडे आणि ती एकीकडे होती. माझ्या त्या वाक्यानं ती स्वतःच्याही विरुद्ध झाली. बाहेरच्या बाकावर गाडीची वेळ होईपर्यंत बसून होती, आणि मधूनच एका कानावर तळवा ठेवून काढून घेत होती. कान तपासून पाहावा तसं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा चुरणी, म्हणजे धानाची मळणी, सुरू होती. अंगभर धानाचा भुसा. या खेपेला तिनं कागद मागितला नाही.

"माझं लेकरू नका दाखवू, बाई. माझ्या बाजूच्या खाटेवरच्या बाईले त्याच दिवशी पोरगी झाली. ते जिती आहे, मी मांडीवर घेतली तिले. तिचं नाव दाखवा फक्त. ते असन तुमच्याजवळ तं मी समजन का माझंच नाई."

"जेवणाची सुट्टी झाली," मी म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली.

डबा उघडला. पहिला घास मोडला. जिवंत मुलगी, मांडीवर घेतलेली. मी डाव्या हातानं यादी ओढली. ऑक्टोबरच्या तीस तारखेपर्यंत माणसं होती, मग कागद कोरा. मुलगी नव्हती. एकतीस तारखेला कोणी जन्मलं नव्हतं, कोणी मेलंही नव्हतं. सप्टेंबर काढला. तीस तारीख कोरी. ऑगस्टची एकतीस कोरी. जुलैच्या एकतीसला एक म्हातारा होता फक्त. मला त्याची आठवण होती, कारण त्याला पाहूनच मागे एकदा मी स्वतःची समजूत घातली होती की माझी ओळ शेवटची तारीखही दाखवते. आता नीट पाहिलं. त्याची वेळ लिहायची राहिली होती. वेळेच्या जागी नुसती शून्यं.

पंखा चालू होता, बाहेर उन्हात लोक चिठ्ठ्या धरून उभे होते, आणि माझ्या मानेवरून कोणीतरी थंड बोट फिरवावं तसं झालं. सगळ्या तालुक्याला महिन्याच्या शेवटच्या दिवशी जन्मायची आणि मरायची बंदी होती. बंदी मीच घातलेली.

आपण पाहुण्याला म्हणतो, सोमवारलोक राहा. तो सोमवारी सकाळी चहा पितो, दुपारी जेवतो, उतरत्या उन्हात पिशवी उचलतो. सोमवार त्याचाच असतो. यंत्राचा सोमवार असा नसतो. त्याला नुसती तारीख दिली आणि वेळ दिली नाही, तर ते तारखेचा पहिला क्षण धरतं, जिथे आदली रात्र संपते तो. मी एकतीस तारखेपर्यंत म्हणत होते आणि ते एकतीस तारीख सुरू होताच दार लावून घेत होतं. त्या म्हाताऱ्याची वेळच नव्हती, म्हणून तो उंबऱ्यावर सापडला. जे सकाळी जन्मले, दुपारी गेले, ते सगळे दाराबाहेर.

मी 'बिटवीन' खोडलं. ऑक्टोबरच्या एक तारखेपासून, नोव्हेंबरच्या एक तारखेच्या आत, असं लिहिलं. एवढाच फरक. बटण दाबलं.

ते आले. बाजूच्या खाटेवरची मुलगी आली. तिच्या वर, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, एक मुलगा. जिवंत जन्म. सिस्टरची चिठ्ठी आली होती. ती मीच चढवली होती, माझ्याच बोटांनी, वेळेसकट. ते पोर तेव्हापासून आत होतं. त्याची आई गजांपाशी उभी राहून मला विचारत होती तेव्हाही ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

खिडकी उघडली. बाकावर कोणी नव्हतं.

मागच्या महिन्यांचे शेवटचे दिवस मी एकेक करून काढले. साप चावलेली एक शाळकरी पोर. जुळ्यातलं एकच. प्रिंटर एकेका ओळीला थांबत होता, कोणी लंगडत यावं तसा. तेव्हापासून त्या बाकाकडे मला सरळ बघता येईना. भर दुपारी तो रिकामा असला तरी भरलेला वाटायचा, आणि वाटायचं की बसलेल्यांपैकी कोणालाच घाई नाही.

बडे बाबूंना, म्हणजे आमच्या हेडक्लार्कना, सांगायला गेले. काय सांगितलं? "नव्या मशीनमध्ये चूक होती, मी दुरुस्त केली." बडे बाबू गोंदियाचे, हिंदीतच बोलायचे. पानाची पिचकारी टाकून म्हणाले, "मॅडम, मतलब यमराज को भी आपने हर महीने एक दिन की छुट्टी दे रखी थी?" मी हसले. हसले, हे लक्षात ठेवा.

दोन्ही दाखले सही-शिक्क्यानिशी तयार करून मी टेबलाच्या खणात ठेवले आणि वाट पाहिली. ती आली नाही. आता ती कशाला येईल? मीच तर खिडकी लावली होती. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं दरेकशाला उतरले आणि विचारत विचारत टोल्यावर गेले. साडी तीच इस्त्रीची. जंगलातल्या पायवाटेवर ती साडी किती हास्यास्पद दिसत असेल, त्याचा विचार आता करते आणि हसते, तेवढाच दिलासा.

अंगणात तणसाचा ढीग होता. ती सुपानं धान पाखडत होती, सासू उन्हात खाट टाकून बसली होती. मला पाहून सूप थांबलं.

"आहे," मी म्हणाले. "तुमचा मुलगा आहे यादीत."

ती उठली नाही. "वाचा. बुढीले आयकू जाईन असं वाचा."

मी वाचलं. जन्म एकतीस ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. मुलगा. जिवंत. मृत्यू त्याच दिवशी, दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटं.

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. दोनदा मोजलं. "साडेपाच घंट्याच्या वर," ती म्हणाली. मग सासूकडे वळून, "आयकलं का, आई? साडेपाच घंटे जिता होता. रडला होता."

सासूनं खाटेवरचे पाय खाली सोडले.

"मंग मले भास काऊन म्हनलं तुमी?" हे मला.

"मशीनची चूक होती," मी म्हणाले. इतक्या लांब चालत जाऊनही मी तेच म्हणाले.

तिनं कागद घेतला, पदरानं हात पुसून घेतला होता आधी. अक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, झालं, आता उठावं. परतीच्या गाडीला वेळ होता, पण मी उठले.

तेवढ्यात खाटेवरून सासूचा आवाज आला. इतके दिवस मेलाच आला म्हणणारी ती म्हातारी. आवाज अगदी बारीक झाला होता.

"साडेपाच घंटे म्हणता, बाई. मंग त्याच्या पोटात काई गेलं का?"

सुनेचं बोट कागदावर थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की हा प्रश्न आजवर या घरात कोणाला पडायचं कारणच नव्हतं. मेलाच आला असता तर तो पडलाही नसता. तो मी घेऊन आले होते, सही-शिक्क्यानिशी.

कागदावर वजनाचा रकाना होता, कारणाचा होता, वेळेचा तर होताच. याचा नव्हता. संगणकातही नव्हता. मला काहीच माहीत नव्हतं.

"गेलं," मी म्हणाले. "दूध. सिस्टरनं पाजलं, चमच्यानं."

"खरंच का?"

"हो तर. लिहिलेलं असतं तसं आमच्याकडे."

"कितीदा?" हे सुनेनं विचारलं.

"दोनदा."

तिनं दोन बोटं उभी केली आणि सासूला दाखवली.